कोरसातल्या मावशी

बटणं आणि लेस विकणाऱ्या मावशींना आयुष्यात दोनच वेडं: एक संगीत नाटक आणि दुसरं संगीत नाटक. हौशी मंडळीत त्या लग्नाआधीपासून होत्या. राणीची भूमिका कधी वाट्याला आली नाही. राणीमागे पंखा हलवत कोरसात गायच्या. पण पाठ मात्र सगळ्यांचंच सगळं. दुकानात गिऱ्हाइकाला हव्या त्या रंगाचं बटण सापडेपर्यंत एखादा प्रवेश उरकायचाच. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळ्यांचे घड्याळजी. ते दर प्रयोगाला पुढच्या रांगेत बसून मनापासून झोपायचे.

तर या मावशींच्या गळ्यात गाठ निघाली.

"गाठ साधी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आवाजाची नस तिला चिकटलीय. तुमची छाती अशी कमजोर, पूर्ण भूल झेपायची नाही. गळाच बधिर करू. तुम्ही बोलत राहायचं. आवाज बदलला की मी हात थांबवेन."

"आणि कळलं नाही तर?"

"तर आवाज जाईल."

बाई स्पष्टवक्त्या होत्या. मावशींना त्या घडीला थोडी खोटारडी डॉक्टरीण चालली असती.

ऑपरेशनच्या दिवशी त्या टेबलावर आडव्या झाल्या. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण शब्द फुटेना.

"बोला मावशी," नर्स म्हणाली. "घरी कोण कोण असतं?"

"घड्याळजी."

संपलं.

"अहो, बोलत राहा."

शेवटी मावशींनी डोळे घट्ट मिटले आणि पाठ होतं ते सुरू केलं. अंक पहिला. राजा त्याच, राणी त्याच, दारावरचा शिपाईही त्याच. पद आलं की गायच्या.

"तान नको," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "गळा हलतो. सरळ म्हणा."

दुसऱ्या अंकात राणी राजवाडा सोडून निघाली आणि निरोपाच्या पदात आवाज एकदम फाटला. मग नुसती हवा.

"हात काढलाय मी. थांबा जरा."

 मावशी मनातल्या मनात पुढची ओळ घोळवत राहिल्या.

"आता म्हणून बघा."

मावशींचा धीरच होईना. म्हटलं नाही, तर आवाज गेला की राहिला हे निदान कळणार तरी नाही.

"राणीचं पुढे काय होतं हो?" नर्सनं हळूच विचारलं.

प्रयोग अर्ध्यावर टाकणं मावशींना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. आधी खरखर आली, मग तिच्यामागून लंगडत लंगडत सूर.

"निघाली गाठ," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "आता गप्प बसलात तरी चालेल."

पण मावशी थांबेनात. थांबले आणि सूर पुन्हा लागलाच नाही तर? ढकलगाडी बाहेर आली ती दुसऱ्या अंकातलं पद गुणगुणतच.

"अगं, पुरे आता," घड्याळजी म्हणाले.

मावशींनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. त्या डोळ्यांतली भीती घड्याळजींना दिसली. उभ्या आयुष्यात सुराच्या वाटेला न गेलेले ते गृहस्थ खाली वाकून म्हणाले, "मी धरतो पुढचं, तू श्वास घे." आणि भर व्हरांड्यात गाऊ लागले.

मावशी गप्प झाल्या. एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली.

"अहो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हे तिसऱ्या अंकातलं. मधला अख्खा अंक झोपला होतात ना?"

 घड्याळजी तोंड फिरवून डोळे पुसत होते.