फणीतली टोकं

नागऱ्याच्या यादोराव कोष्ट्याचा माग आज्याच्या वेळेपासून कधी रिता राहिला नव्हता. लुगडं कापून उतरवलं की मागाच्या फणीत, ताण्याचे धागे जिच्यातून ओवलेले असतात तिच्यात, उरलेल्या धाग्यांची टोकं तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून सांधायचा. ती टोकं म्हणजे घरची लक्ष्मी, तोडायची नसतात. चिचगडच्या रानातून कोसा, म्हणजे रानरेशमाचे कोश, यायचा आणि त्याची बायको रुख्मिणी मांडीवर वळून त्याचं सूत काढायची.

मग इंग्रज सरकारने जपानशी करार केला. त्यांनी आपला कापूस घ्यायचा, आपण त्यांचं कापड. गोंदियाच्या बाजारात नकली रेशमाची जपानी लुगडी निम्म्या भावात आली आणि कोसा विचारणारं गिऱ्हाईक तुटलं. शेवटचं लुगडं उतरल्यावर फणीत नुसती टोकं लोंबत राहिली.

सदतीस सालच्या निवडणुकीत दुलीचंद वकील दारी आले. म्हणाले, "माझ्या लाल पेटीत मत टाका, जपानी माल बंद करवतो." यादोरावाचं नाव मतदारांच्या यादीत होतं. मतदानाच्या सकाळी आंघोळ करून तो मागाशी बसला आणि टोकं तोडू लागला.

"अजी, कायले तोडून राहिले?" रुख्मिणीने त्याचा हात धरला. "उद्या सूत आलं तं कशाले सांधाल?"

"नवस बोलाले रिकाम्या हातानं जाते का कोणी?"

महादेवाला बांधतात तसे त्याने ते सगळे धागे लाल पेटीच्या कडीला बांधले. मताचा कागद त्यांत खोचला, हात जोडले आणि परतला. संध्याकाळी शेजारचा भैय्यालाल सांगत आला, "काकाजी, कागद फटीतून आत टाकाचा होता. मतदानाच्या साहेबानं धागे कापून फेकले. तुमचं मत बाद."

तरी वकील निवडून आले. यादोराव आशेने गोंदियाला गेला. वकिलांनी चहा पाजला, मग खाली पाहत म्हणाले, "यादोराव, वो करार तो दिल्लीवालों के हाथ में है. अपने बस का नहीं."

पुढल्या साली पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा बुजला. त्याच जागी बसून यादोराव विड्या वळू लागला. ठेकेदाराचा माणूस मनिराम हसायचा, "काकाजी, कोष्ट्याची गाठ कायले मारता? विडी जळाचीच आहे ना."

यादोराव मान हलवायचा. पुढच्या विडीला पुन्हा तीच गाठ बसायची.

सांजेला रुख्मिणी घरच्या लक्ष्मीसाठी बुजल्या खड्ड्यापाशी दिवा ठेवायची. तेवढा वेळ यादोराव भिंतीकडे तोंड करून बसे.