किल्लेदाराचा शेवट

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच म्हणतात. मला त्याचा अभिमान होता. नागपूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना मी ऐतिहासिक कादंबरी शिकवते आणि तिच्यावर निघालेला जुना सिनेमाही दाखवते. आधी प्रकरण वाचायचं, मग तोच प्रसंग पडद्यावर बघायचा, मग बोलायचं. चाचणीत माझा एक प्रश्न ठरलेला: कादंबरीचा शेवट तुमच्या शब्दांत लिहा. पुस्तक न उघडता नुसता सिनेमा पाहून आलेले तिथे बरोबर सापडतात.

त्या वर्षी वेढ्यात अडकलेल्या एका किल्लेदाराची कादंबरी होती. पुस्तकात तो बंद दरवाजाआड तहानेने मरतो. सिनेमात तटावर, हातात तलवार घेऊन. काटोलहून एसटीने येणारी एक मुलगी माझी स्वतःची प्रत वाचायला घेऊन गेली होती. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून मला भंडावून सोडायची. मग दीड महिना ती आलीच नाही. अर्जात 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलेलं. काय अडचण, हे मी विचारलं नाही.

चाचणीला मात्र ती हजर. आणि तिचा किल्लेदार मेलाच नव्हता! चोरदरवाजाने उतरून तो घरी गेला, बायकोने पाय धुवायला पाणी दिलं, आणि सकाळी तो संत्र्याच्या बागेत जाऊन आंबिया बहाराची फळं किती टिकली ते बघत उभा राहिला. मी लाल पेनाने शून्य दिलं. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मी तो पेपर वर्गात वाचून दाखवला.

"कोणत्या सिनेमात पाहिलंस हे? त्या काळी, त्या मुलखात संत्री कुठून आली गं?"

वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून तिचं येणं पुन्हा बंद झालं.

कारण तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मुलीचे वडील महिनाभर इथेच, रामदासपेठेतल्या दवाखान्यात होते. ती उशाशी बसून त्यांना माझ्याच प्रतीतून कादंबरी वाचून दाखवायची. शेवटच्या प्रकरणाशी आल्यावर मात्र तिला ते मरण वाचवेना. तिने पुस्तक समोर धरून मनानेच दुसरा शेवट सांगितला. पुढच्याच आठवड्यात वडील गेले. तेरवी आटोपून दुसऱ्या दिवशी ती चाचणीला बसली होती. हे ऐकून मला माझीच किळस आली.

रविवारी मी काटोलची बस धरली. घर बागेला लागूनच होतं. मुलीच्या आईने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मुलीपुढे हात जोडले. "माझं चुकलं," म्हणाले.

तिने मान हलवली. "नाही मॅडम, तुमी शून्य बरोबरच देलं. मी बाबाले खोटंच सांगतलं. जाता जाता माणसाले फसवलं मी." ती रडतही नव्हती. इतके दिवस ती हेच घोकत बसली असावी.

आई दारातून पुढे आली. "फसवलं कायचं वं? त्याईनं तो सिनेमा पाह्यला होता, लग्नाच्या आधी, इथल्याच टॉकीजमंदी. किल्लेदार मरते, हे त्याईले ठाऊकच होतं. मले म्हणे, पोरीले सांगू नको."

मुलगी तिच्याकडे वळली. "मंग रोज काहून इचारत होते, पुढं काय झालं म्हणून?"

"तुह्या तोंडून आयकाले."

तेव्हा कुठे ती रडली. आईच्या पदरात तोंड खुपसून, लहान मुलीसारखी. मीही रडले, पण त्या घरात माझ्या रडण्याला काही अर्थ नव्हता. माझ्या पर्समध्ये तिचा पेपर होता. शून्य खोडून मी त्यावर दहापैकी दहा करून आणले होते. तो बाहेर काढायची मला लाज वाटली.