सिस्टरचे मिस्टर

मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांना बाजारात मिस्त्री म्हणत आणि गल्लीत सिस्टरचे मिस्टर. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, निम्म्या गल्लीची बाळं तिच्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांना यात कधी कमीपणा वाटला नाही. पंचेचाळिशीला आलेली ही बाई नवजात बाळांच्या देखभालीचं वर्षभराचं शिक्षण घ्यायला परदेशी निघाली, तेव्हा विमानतळावर सगळ्यांत मोठ्यानं "खुशाल जा" म्हणणारे तेच होते. खुशाल जा म्हणायला काय जातं? माणूस खरंच खुशाल राहायला लागलं की मग पोटात दुखतं.

पहिला महिना ती रडली, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रींचा तो महिना झकास गेला. खोली एवढीशी, स्वयंपाकघर सहाजणींत एक, वर्गात सगळी पोरंसोरं, शिकवतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. "अहो, मला नाही जमायचं हे. परत येऊ का?" ती विचारी. "वेडी आहेस का? धीर धर जरा," मिस्त्री समजावत, आणि फोन ठेवून शीळ घालत भांडी घासत.

पुढच्या महिन्यात ती रुळली. अंबाड्याची वेणी झाली, पर्स जाऊन पाठीवर दप्तर आलं. गृहपाठ उशिरा दिला म्हणून बोलणी खाल्ली, हे ती बक्षीस मिळाल्यासारखं सांगू लागली. मिस्त्री रात्री जेवायला बसत तेव्हा तिकडे दुपारची सुट्टी असे. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ती कॅन्टीनमधूनच बोले, आणि शेजारी हमखास तो लंबू. तिच्याच वर्गातला, चाळिशीचा, तोही नर्सच. दवाखान्यात अशांना ब्रदर म्हणतात, पण त्या शब्दानं मिस्त्रींच्या जिवाला काडीचा आराम पडेना. लंबू तिकडच्या भाषेत काहीतरी पुटपुटे आणि ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे.

"काय म्हणाला तो?"

"जाऊ द्या हो. वर्गातलं आहे, तुम्हाला नाही कळायचं."

मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तसा त्यांना लंबूचा संशय नव्हता, बायकोला ते ओळखून होते. त्यांना हेवा होता तो त्या हसण्याचा. आपल्या कुठल्या विनोदावर ही कधी अशी हसली होती, हे ते काम करता करता आठवत बसले, आणि गिरणीवाल्याच्या मोटरची जोडणी चुकवून बसले. गिरणी उलटी फिरली.

"मिस्त्री, लक्ष कुठंय तुमचं?" गिरणीवाला भर दुकानात ओरडला. "सिस्टरबरोबर डोकंही पाठवलंत की काय परदेशात?"

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी ठरवलं, जरा तिलाही जळू दे.

"आज भाजी काय फक्कड झालीय," ते फोनवर म्हणाले.

"तुम्ही केलीत?"

"छे! खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी पाठवली."

वास्तविक पाण्याच्या टाकीवरून भांडण झाल्यापासून वहिनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. ताटात होता करपलेला भात, आणि तो दिसू नये म्हणून मिस्त्रींनी फोन पार नाकाशी धरला होता. पुढे वहिनींनी शर्टाची बटणं लावून दिली. मग वहिनी म्हणाल्या, पिकलेले केस तुम्हाला शोभतात हो. मिस्त्री रोज नवी थाप मारत आणि बायकोच्या कपाळावर एखादी तरी आठी पडते का बघत. आठी काही पडेना. "बरं झालं बाई," एवढंच ती म्हणे, तेव्हा थाप कमी पडली असं समजून ते दुसऱ्या दिवशी आणखी मीठमसाला घालत.

परीक्षा जवळ आली. एकदा ती फोनवर आली तीच धापा टाकत.

"अहो, एक सांगू? आमच्या मोठ्या बाई म्हणतायत, परीक्षेनंतर आणखी दोन वर्षं थांब, इथल्याच दवाखान्यात काम देते. मी सरळ नाही म्हटलं होतं. म्हटलं, आमच्या यांना साधा भात लावता येत नाही, मी कुठली थांबतेय! पण वहिनी तुमचं इतकं बघतात, आता काळजीच मिटली माझी. थांबू ना?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढंच बोलायचं होतं, की वहिनी-बिहिनी सगळं झूट आहे, तू ये. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात फोनच्या कडेनं लंबूचं डोकं आत आलं. त्याला सगळं ठाऊक असावं, कारण चमचा हवेत धरून तोही उत्तराची वाट बघत होता. याच्यासमोर करपलेल्या भाताची कबुली द्यायची? मेलो तरी नाही.

"थांब की," मिस्त्री म्हणाले. "माझं इथे मस्त चाललंय."

तिनं मान वळवून लंबूला काहीतरी सांगितलं. तिकडे एकच कल्ला झाला, टेबल हाललं, फोन कलंडला आणि मिस्त्रींना नुसतं कॅन्टीनचं छत दिसू लागलं.

"अगं, ऐक ना," ते छताला म्हणाले. "मी खोटं बोललो गं."

पण तिकडे टाळ्या चालल्या होत्या, आणि ती हसत होती.