मंडईच्या दिवशीची पाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

देवराम माझा मेहुणा, पण त्याआधीचा जिवलग दोस्त. खाणीच्या वसाहतीत एकत्र वाढलो, एकाच खाणीत कामाला लागलो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की एका सायकलवर दोघं निघायचो — गरम भजी, दंडार, मग नाटक. दंडारीत देवराम असा नाचायचा की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. काय दिवस होते ते!

लग्नानंतरची माझी पहिली मंडई. बायकोला बपेऱ्याच्या मंडईला न्यायचं कबूल केलेलं, आणि नेमकी दुपारची पाळी आली. मी देवरामला गळ घातली. हौस त्याला माझ्याहून जास्त — तरी म्हणाला, "जाय बे, तिले घेऊन जा. तुह्या पाळीवर मी जातो." बायकोला मी सुट्टी आहे म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी खाणीत वरचा दगड कोसळला. देवरामच्या शेजारचा माणूस दबला. मदत येईपर्यंत देवराम त्याचा हात धरून बसला होता — हात गार पडला तरी.

पाळी बदलल्याचं त्यानं बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कधीच सांगितलं नाही. ती अजून म्हणते, "सुट्टी होती मनून वाचले तुमी."

पुढं त्याला झोप येईना. पत्रा वाजला तरी दचकायचा. झोपेसाठी घोटभर घ्यायला लागला, मग दिवसाही. तुमसरला डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही भयंकर सोसलंय का यांनी? देवराम बोलणार, तेवढ्यात मी म्हणालो, "नाही जी, संगतीनं लागली." खाणीचं निघालं असतं, तर पाळी कुणाची होती तेही निघालं असतं ना? उपचार फक्त दारूवर झाले. सुटली, पुन्हा लागली — कितीदा!

परवा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको बाहेर बाकावर बसली. बाई म्हणाल्या, मनात भीती बसली असेल तर तिच्यावर आणि दारूवर एकत्रच उपचार करावे लागतात. आणि तोच प्रश्न विचारला. देवरामनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"काही नाही जी," तो म्हणाला. "संगतीनं लागली."

बाईंनी खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.