गुडघे न वाकवता

आमच्या कामठीत पोट्टा चालायले शिकला की त्याच्या पायापुढं बॉल टाकतात. माझ्याही पुढं टाकला. मी उजव्या बाजूनं पळणारा, विंगर. डोकं बेताचं, उंची बेताची, पण एकदा लाइनीवरून सुटलो की मागचा माणूस नुसता शिव्या देत राहायचा. पळणं सोडून मले दुसरं काही येत नव्हतं अन् दुसरं काही पाहिजेही नव्हतं.

बाबा पावरलूमवर. दिवसभर उभं राहून त्यायच्या टाचांले भेगा पडलेल्या, बोटांच्या मधात कापसाचा पांढरा भुसा. हे मले इतकं नीट माहीत आहे, कारण हरेक मॅचच्या आधी मी त्या पायांवर वाकलो आहे. वाकायचं, अंगठ्यांले हात लावायचा, अन् बाबा डोक्यावर हात ठेवून एकच म्हणायचे, "जा, गोल मारून ये." मी गोल मारो का गोल खाऊन येवो, त्यायचं वाक्य तेच.

पहिल्यांदा झालं ते एका टूर्नामेंटच्या फायनलले. बॉल माझ्यापुढं होता, गोलकीपर बाहेर आलेला, अन् मांडीवर मागून कोणी गोटा मारल्यासारखं वाटलं. मी चिडून मागं वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हॅमस्ट्रिंग आहे, मांडीच्या मागचा स्नायू, थोडासा फाटला. 'थोडासा' या शब्दाचा मले तेव्हापासून जो राग आहे, तो आहे.

हात मोडला तं प्लास्टर दिसते, लोकं खुर्ची देतात. हे दुखणं कोणाले दिसतच नाही! चालताना मी चांगला, उभा राहिलो की चांगला. "काहून बे, नाटक करून राहिला काय?" टीममधलेच विचारत. अन् ज्याले नाटक वाटत नव्हतं, त्याच्याजवळ औषध होतं. हळद लाव, मोहाचं तेल लाव, केळं खा, थंडं पाणी नको पिऊ. अरे बाप्पा, मांडी माझी आहे का पंचायतीची?

मी लवकर उतरलो मैदानात. पुन्हा फाटलं. मग आराम केला, मनापासून केला, अन् तिसऱ्यांदा फाटलं ते चुलतभावाच्या वरातीत. मी नाचत नव्हतो, कोपऱ्यात उभा होतो, शप्पथ! पण नवरदेवाले खांद्यावर घ्यायचं निघालं तेव्हा सगळ्यायनं मलेच ओढलं. "फुटबॉलवाला आहे, याचे पाय मजबूत!" नवरदेव वर अन् मी खाली रस्त्यावर, बँड आमच्या भोवती वाजूनच राहिला. लोकं हसले. मीही हसलो, काय करता.

दुखणं हत्तीच्या पावलानं येते अन् मुंगीच्या पावलानं जाते म्हणतात. माझी मुंगी पण लंगडी होती.

अन् त्याच वर्षी सरकारी नोकरीची, खेळाडू कोट्यातली ट्रायल निघाली. नागपुरात. माझ्या वयाले ती शेवटची होती, पुढच्या खेपेले मी बसतच नव्हतो. बाबाची पावरलूम सुटली असती, आईच्या जिवाले आराम पडला असता, अन् मले लोकांयनं खेळाडू म्हटलं असतं, वरातीतला गडी नाही. सीताबर्डीच्या फिजिओनं साफ सांगितलं, "अजून काही महिने स्प्रिंट स्वप्नातही नको." मी घरी येऊन सांगितलं, "हाव, म्हणे बरा झाला."

ट्रायलच्या सकाळी आईनं हातावर दही-साखर ठेवली. बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मी वाकायले गेलो, तं त्यायनं दोन्ही पाय वर खुर्चीवर ओढून घेतले.

"गुडघे न वाकवता पाया पड."

"काय?"

"वरातीपासून पाहून राहिलो. तू गुडघे वाकवून वाकते. पयले असा नव्हता वाकत." त्यायनं पाय पुन्हा खाली ठेवले. "पड आता. सरळ पायानं."

मी वाकलो. हात गुडघ्याच्या जरा खाली गेला अन् अडकला. मांडीच्या मागं ते ओळखीचं ओढून आलं. डोळ्यासमोर बाबाचे पाय, भुसा, भेगा, सगळं दिसून राहिलं, अन् हात पोचत नव्हता. आईले मी फसवलं होतं, ट्रायलवाल्यांलेही फसवलं असतं. इथंच घोडं पेंड खात होतं.

"नको जाऊ," बाबा म्हणाले.

"आशीर्वाद तं द्या!"

"तू तुटायले जाऊन राहिला. तुटायले आशीर्वाद देत नसतात."

"मग दुसरी ट्रायल तुम्ही आणून देता काय?" मी असा ओरडलो की शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. आई म्हणत होती, "अहो, पोराले असं नका धाडू." बाबानं हात मांडीखाली दाबून धरले होते. मी तसाच निघालो, डोक्यावर कोणाचा हात नसताना.

ट्रायलची शिट्टी वाजली, मी सुटलो, अन् अर्ध्या रस्त्यात गोटा बसला. या वेळी मी मागं वळून पाहिलं नाही. शिट्टीवाला म्हणाला, "बाजूला हो," अन् पुढच्याचा नंबर पुकारला. शेअर ऑटोत मले बसता येत नव्हतं. एका कुशीवर टेकून, दांडा धरून कामठीपर्यंत आलो, अन् मधात कुठंतरी रडायले लागलो ते थांबताच येईना.

घरी पालथा पडून राहिलो. खाटेच्या कडेवरून फक्त येणाऱ्यांचे पाय दिसत. मरून जावं वाटे, खोटं काहून सांगू. बाबाचे पाय आले, उभे राहिले. मी म्हटलं, "म्हणा ना. तुले सांगितलं होतं, असं म्हणून टाका." ते म्हणाले नाहीत. मग पाय गेले.

थोडं चालता यायले लागलं, तसं बाबानं रोज सकाळी कामावर जाण्याआधी खुर्ची अंगणात टाकणं सुरू केलं. "पाया पड. सरळ पायानं." फिजिओचे व्यायाम वेगळे, हे वेगळं. मले चीड यायची. गुडघ्याशी अडकायचो, मग नडगीशी अडकलो, मग कितीतरी दिवस घोट्याच्या वर. मधात आमच्याच टीममधला एक बॅक पेढे घेऊन आला. त्याचं त्या ट्रायलमध्ये सिलेक्शन झालं होतं. चांगला पोट्टा आहे. पेढा खाल्ला मी, गिळला कसा ते मलेच माहीत. पुढची भरतीही निघाली. वयाची अट तेवढी वाचली अन् मोबाइल ठेवून दिला. आता नागपूरच्या विमानतळाजवळ, मिहानमध्ये एका गोदामात खोके लावतो.

परवा सकाळी वाकलो अन् बोटं अंगठ्यांले लागली. मग पूर्ण पंजा टेकला, भेगांवर, भुशावर. गुडघे सरळ. मागं काहीच ओढलं नाही. मी तसाच वाकून राहिलो, उठावंसं वाटेना.

बाबाचा हात डोक्यावर आला. ट्रायलच्या सकाळी द्यायचा राहिला होता तो.

"जा," ते म्हणाले, "गोल मारून ये."

"कुठं जाऊ, बाबा?"

पावरलूमचा भोंगा झाला, तरी त्यायनं हात काढला नाही.