जाऊबाईंचं नाकासमोर पोहणं

आमच्या थोरल्या जाऊबाई नाकासमोर चालणाऱ्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात, बोलायचं ते तोंडावर. सासूबाई हे शेजारणींना नेहमी सांगत आणि मला ऐकू जाईल अशाच आवाजात सांगत. पण नाकासमोर चालणारी ही बाई पाण्यात पडली की भलतीकडेच जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

पोहतात मात्र फार सुंदर. तरणतलावावर त्या कामाला आहेत. खिडकीत बसून कपाटांच्या चाव्या द्यायच्या, चपला घालून आत शिरणाऱ्यांना ओरडायचं आणि सकाळी दार उघडायच्या आधी एकटीनं मनसोक्त पोहून घ्यायचं, हा त्यांचा क्रम. तिथे तळाशी काळी पट्टी आखलेली असते, तिच्यावरून गेलं की झालं. पण दरवर्षी गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात या काठावरून त्या काठावर पोहत जायची शर्यत असते. पलीकडे लाल बावटा लावतात, त्याच्याखाली जाऊन हात टेकवायचा. तळ्याच्या तळाशी काही कुणी पट्टी आखलेली नाही. आणि चष्मा काढला की जाऊबाईंना बावटा सोडाच, काठही दिसत नाही.

एका वर्षी त्या होड्यांच्या धक्क्याला लागल्या. एका वर्षी गोल फिरून निघाल्या तिथेच परत आल्या आणि समोरच्या पंचांना विचारलं, "मी कितवी?" गेल्या वर्षी तर झाडाखाली सतरंजी टाकून बसलेल्या एका जोडप्यासमोर पाण्यातून उगवल्या. ती मुलगी किंचाळली आणि तिला बघून आमच्या जाऊबाईही किंचाळल्या. नंबराचा गॉगल करून झाला होता, तो आतून वाफ धरायचा. दिवसा घालायच्या लेन्स तळ्याच्या पाण्यात नकोत, डोळ्याला इजा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी शर्यतीच्या लोकांनी हात जोडले. "बाई, तुम्हाला शोधायला एक होडी वेगळी ठेवावी लागते. पुढच्या खेपेला बावट्याला लागलात तर उत्तम. नाहीतर त्यानंतर काठावर बसून टाळ्या वाजवा."

त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत. एरवी कितीही मोठं भांडण झालं तरी त्या दोनदा वाढून घेतात, म्हणून मला खरीच काळजी वाटली. "पोहता येत नसतं तर काही वाटलं नसतं गं," त्या म्हणाल्या. "येतं, आणि पोचता येत नाही." मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

तरणतलावावर डोळ्यांची एक तरुण डॉक्टरीण यायची. तिच्या कानावर हे गेलं आणि तिनं एक मार्ग सांगितला. रात्री झोपताना घालायच्या कडक लेन्स असतात. त्या झोपेत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला हलकेच आकार देतात. सकाळी काढल्या की दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. घालणं थांबवलं की डोळा हळूहळू पुन्हा होता तसा. तिच्या दवाखान्यात अशाच एका नव्या घडणीच्या लेन्सची चाचणी सुरू होणार होती आणि तिला माणसं हवी होती.

"चाळिशी लागायच्या वयात चष्मा काढायला निघालात ताई," मी म्हटलं.

"अगं, इस्त्रीच ती. पँट घडी घालून गादीखाली ठेवतात ना रात्री, तसं," जाऊबाई म्हणाल्या. डॉक्टरणीला ही उपमा इतकी आवडली की पुढच्या पेशंटला ती तीच सांगू लागली, असं ऐकते.

डोळे तपासले, पडद्याचे नकाशे काढले, लेन्स आल्या. हात स्वच्छ धुवायचे, लेन्सना नळाचं पाणी लावायचं नाही, डोळा लाल झाला की लेन्स बंद आणि थेट दवाखाना, हे सगळं समजावून झालं. पांढऱ्या झाकणाखालची लेन्स उजव्या डोळ्याची, निळ्याखालची डाव्याची. अडलं ते घालायच्या वेळी. पाण्यात टक्क डोळे उघडे ठेवणारी ही बाई, स्वतःचं बोट जवळ आलं की पापण्या अशा मिटून घ्यायची की कुलूपच. म्हणून ते काम भावोजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, अंगावर घेतलं.

भावोजींचं रबरी शिक्के करायचं दुकान आहे. मी तिथेच गिऱ्हाईक बघते. त्यांचा हात इतका हलका की नखाएवढ्या जागेत ते अख्खा पत्ता कोरतात. रोज झोपायच्या आधी ते बायकोसमोर स्टूल घेऊन बसत आणि फुलपाखरू धरावं तशी लेन्स बोटावर घेऊन डोळ्यात ठेवत. आमच्या घरातलं इतकं लाडाचं दृश्य मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला मी ते मुद्दाम बोलावून दाखवलं.

पण गुण येईना. उजव्या डोळ्याला धुकं ते धुकंच, डाव्या डोळ्याला जवळचं वाचता येईना आणि डोकं ठणकायचं ते वेगळंच. दोन तपासण्या अशाच गेल्या. डॉक्टरणीनं चेहरा पाडून सांगितलं, "या लेन्स तुम्हाला मानवत नाहीत असं दिसतंय. मला तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल."

जाऊबाई मान खाली घालून पर्सचा बंद ओढत राहिल्या. शर्यत जवळ आली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं कुणाशी तरी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजीच बोलले. "माझ्याकडून तर काही कमी पडलेलं नाही डॉक्टर. दोन्ही डोळ्यांना मी सारखंच जपतो. डावं-उजवं मी कधी केलं नाही."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "काय नाही केलंत?"

"म्हणजे भेदभाव हो."

"ते कळलं. तुम्ही लेन्स कशी घालता, जरा करून दाखवा."

भावोजींनी खुर्ची पुढे ओढली. परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. "ही पांढऱ्या झाकणातली. उजव्या डोळ्याची. पण मी समोर बसलेला, म्हणजे सगळं उलटं येणार. म्हणून ही मी हिच्या डाव्या डोळ्यात घालतो."

"त्यांच्या डाव्या डोळ्यात?"

"अर्थात," भावोजी म्हणाले, आणि आम्हाला अडाणी समजून पुढे समजावूनही सांगितलं. "शिक्क्यात असंच असतं. कागदावर उजवीकडे यायला हवं ते रबरावर डावीकडे कोरायचं. आमच्या धंद्यात सरळ केलं की चुकलं."

जाऊबाईंनी मान वर केली. "अहो, मी काय कागद आहे?"

डॉक्टरणीनं टेबलावर डोकं ठेवलं. मला वाटलं रडतेय, पण तिचे खांदे हसून हलत होते. जाऊबाईंच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत चांगला फरक होता. एकाला त्याला न पेलणारी लेन्स मिळत होती आणि दुसऱ्याला अर्धपोटी ठेवलं होतं. भावोजींना हे उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. जाऊबाईंनीच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू द्या, उलटं तर उलटं, पण मनापासून केलंत."

काही दिवस लेन्स बंद ठेवून डोळे मूळपदावर येऊ दिले आणि पुन्हा सुरुवात केली. आता भावोजी स्टुलावर बसले की मी शेजारी उभी राहून म्हणायची, "उलटू नका." ते चिडायचे. पण उलटत नव्हते.

मग एक सकाळ अशी आली की जाऊबाई आंघोळीला गेल्या आणि आतूनच ओरडल्या, "अगं ए, कोपऱ्यात एवढं शेवाळ?" न्हाणीघर घासायची पाळी माझी असते. इतकी वर्षं त्या चष्मा बाहेर ठेवून आत जात होत्या, हे माझं केवढं मोठं भाग्य होतं ते मला त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मग स्वयंपाकघरात येऊन उकळत्या पातेल्यावरचं झाकण काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. वाफेतून सगळं दिसत होतं म्हणून. भाजी शिजायला वेळ लागला, पण त्यांचा आनंद बघून माझंच पोट भरलं होतं.

शर्यतीच्या दिवशी भावोजी आणि मी पलीकडच्या काठावर, बावट्याखाली उभे होतो. निम्मं तळं जाऊबाईंनी सरळ रेषेत कापलं. मला कुणाशी तरी बोलायचं होतं, पण शेजारी उभे असलेले भावोजी आपल्याच नादात. मग अचानक जाऊबाई थांबल्या. पाण्यात उभ्या राहिल्या, आमच्याकडे बघितलं आणि हात वर केला.

पाण्यात हात वर करणं म्हणजे मदत मागणं. मागितली की शर्यत संपली. होडी निघाली. पायात गोळा आला असेल, धाप लागली असेल, माझ्या मनात काय काय येऊन गेलं. होडी जवळ पोचली तेवढ्यात जाऊबाईंचा आवाज इकडे काठापर्यंत आला. "व्हा बाजूला. मी यांना हात करतेय."

होडीवाला वल्ही तशीच धरून बसला. त्या त्याला वळसा घालून निघाल्या, त्या थेट बावट्याखाली येऊन हात टेकवला. कितव्या आल्या ते मी बघितलंच नाही.

पंच टॉवेल घेऊन पुढे आले. "मधे हात वर करायचा नसतो बाई, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "पण हे करत होते. उत्तर नको द्यायला?" मग त्या भावोजींकडे वळल्या. "हे आज काय सुचलं तुम्हाला? एवढ्या लोकांत दोन्ही हात हलवत उभे?"

भावोजी बावट्याच्या काठीकडे बघत म्हणाले, "दरवर्षीच हलवतो. तू दुसरीकडे निघालीस की मग तिकडे पळत येतो."

जाऊबाई अंगावरचं पाणीही न पुसता तशाच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि हातभर अंतरावरून त्यांना पुन्हा एकदा हात केला.