अंगणातली तार

कोहक्याच्या कामगार वस्तीत आमची एकच खोली. बाबा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, आणि आईच्या साड्या सगळ्या सिंथेटिक. त्या काहीच शोषत नाहीत. सुती म्हणजे घरात फक्त बाबांचे जुने गमछे. मी शहाणी झाले तेव्हा आईने त्यातलाच एक फाडून दिला. म्हणाली, "पलंगाखाली वाळवत जाय. बाबाले दिसू देऊ नको." पाळीत मी मागच्या दाराशी पोत्यावर बसायची. पलंगाखाली ऊन कुठलं? ओलसर कापडच पुन्हा घ्यायचं. खाज सुटायची, जखमा व्हायच्या, वर्ग बुडायचे. विचारणार कोणाला?

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना धाकटीची पाळी सुरू झाली. तिच्या हिंदी शाळेने पाळीची माहिती मुलींना मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली होती. नंबर तिने बाबांचा दिला. घरात दुसरा होताच कुठे!

बाबांना ड्यूटी बदलल्याचे निरोप आवाजातच यायचे. तसलाच समजून त्यांनी जेवताना स्पीकर लावला. बाईचा ठणठणीत आवाज आला, "माहवारी का कपड़ा साबुन से धोइए, खुली धूप में सुखाइए."

आईची पोळी तव्यावरच राहिली. "अवो, बंद करा ना ते! पोरी बसल्या हायेत."

"पोरीसाठीच आहे न ते." बाबांनी फोन धाकटीपुढे सरकवला. "घे, पुरा ऐक."

माझ्या वेळी मला पोत्यावर बसलेली बघून याच माणसाने मान फिरवली होती. तिला फोन, मला पोतं! जळले मी, खरंच जळले.

सुटीच्या दिवशी बाबांनी अंगणात तार बांधली. आई म्हणाली, "लोकं काय म्हणतीन?"

"कपडे वाळून राहिले, म्हणतीन."

धाकटी बादली घेऊन निघाली, तशी मी उठले. "थांब. पयले माहे." पलंगाखालचे तुकडे काढले, साबणाने घासले आणि तारेच्या मधोमध, भर उन्हात टाकले.

"ताई, माह्यासाठी जागा ठेवशील का नाही?"

"कोपऱ्यात टाक."

बाबा दारातच उभे होते. या वेळी त्यांनी मान फिरवली नाही.

धाकटीच्या शाळेचा मेसेज वाजला की अजूनही माझा जीव जळतो. पण आमच्या घरी आता कोणी पोत्यावर बसत नाही. कापड उन्हात वाळतं. माझी खाज गेली. शेवटच्या परीक्षेत पाळी आली तरी एकही पेपर चुकला नाही, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट मी झाले.